हिशेबात न धरलेला उतारू

एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसते. रेल्वेतही नसते. कंडक्टर एकदा मुलाकडे पाहतो, एकदा आईकडे पाहतो, आईने सांगितलेले वय खरे की खोटे याचा मनाशी निकाल लावतो आणि पुढे सरकतो. या सवलतीबद्दल कोणी तक्रार करावी असे काही नाही. मांडीवरचे मूल जागा अडवीत नाही. मग त्याचे पैसे कशाला घ्यायचे? पण आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या वर्षापासून एक गोष्ट घोकून घेतली जाते. कीर्दीत नोंद नसेल तर खतावणी होत नाही, आणि खतावणीत नसलेली रक्कम ताळेबंदात उगवत नाही. तिकीट नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे तो उतारू कोणी मोजलेलाच नाही. बसमध्ये याने काही बिघडत नाही. पाण्यावर बिघडते. माझे म्हणणे इतकेच आहे. पण ते सांगण्यासाठी वाचकांना जरा लांब, सिल्वासापर्यंत न्यावे लागणार आहे.

सिल्वासा हे दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठिकाण. आपल्याकडे हे नाव माहीत असलेच तर ते २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या हातून सुटलेले गाव म्हणून. (गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे शाळेत प्रथम ऐकले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.) २६ जानेवारी २०२० पासून हा मुलूख दमण आणि दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. आज तेथे कारखाने फार. माझे भावजी अशाच एका धाग्याच्या कारखान्यात पाळीवर काम करतात, आणि म्हणून माझी आक्का तेथे नांदते. तिच्या गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी अशी खिचडी चालते. बाजारात भाजी विकणारी वारली बाई बोलू लागली की निम्मे तरी आपलेच वाटते. घरी आईशी कन्नड आणि वडिलांशी मराठी बोलून वाढलेल्या मला त्या गावी परके वाटण्याचे कारण नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेले होते. भाची तेव्हा सव्वादोन वर्षांची. भावजींना लागून दोन दिवस सुट्टी मिळाली आणि त्यांनी दुधनीला जायचा बेत काढला. दुधनी सिल्वासाहून सुमारे चाळीस किलोमीटर. खानवेलपर्यंत रस्ता बरा सरळ, पुढे डोंगर आणि वळणे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा दमणला समुद्राला मिळण्याआधी मधुबन येथे अडवली आहे. त्या धरणाचे पाणी मागे डोंगरांच्या खोबणीत शिरत शिरत दुधनीपाशी पसरले आहे. भोवती सागाचे जंगल आणि आदिवासी पाडे. सहलीची मंडळी तेथे छताच्या शिकाऱ्यांतून फिरतात. भावजींना मात्र मोटरचा आवाज नको होता. वल्ह्याची लहान होडी घ्यायची, सकाळी निघायचे, काठाकाठाने जायचे, कुठेतरी उतरून जेवायचे आणि परत यायचे, असा त्यांचा विचार.

घरात दोन तट पडले. आक्काच्या सासूबाई धुळ्याकडच्या. त्या म्हणाल्या, "पोरीला पाण्यावर न्यायचं नाही. तुम्ही जा." त्यांच्या गावी कालव्यात एक लहान मूल गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा त्यांच्या बोलण्याला म्हातारपणाचे भय म्हणून उडवून लावणे मला जमले नाही. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांचा मुद्दा वेगळा होता. ते म्हणाले, "एवढ्याशा मुलाला काय कळणार? मोठेपणी काही आठवणार आहे का तिला?" हा मुद्दा मात्र मला अगदी कच्चा वाटतो. दोन वर्षांच्या मुलाला आपण वरणभात भरवतो तो काय तिला मोठेपणी आठवावा म्हणून?

पण खरी गोम पुढे आहे. "मूल नेऊ नका" असे ज्या घरात ठरते, तेथे मूल एकटे मागे राहत नाही. त्याच्याबरोबर एक माणूस राहते, आणि ते माणूस कोण हे विचारावे लागत नाही. कोणत्याही तलावावर रविवारी जाऊन पाहा. धक्क्यावर चपलांचा ढीग, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्या मध्यभागी कडेवर मूल घेतलेली एक बाई. बाकीचे पाण्यावर. ती हात हलवते, फोटो काढते आणि परत आलेल्यांना पाणी देते. आमची आक्का लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली. आमच्या घरात तिच्याइतके पाणी कोणाला कळत नाही. लग्नानंतर पाच वर्षांत ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. मुलाच्या काळजीपोटी केलेला नियम असा आईवर येऊन बसतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही. म्हणून मी नेण्याच्या बाजूची.

शिवाय मूल होडीत बसवणे हे काही आजकालचे खूळ नाही. ज्या वल्ह्याच्या अरुंद होडीला इंग्रजीत कॅनू म्हणतात, तिच्यातून उत्तर अमेरिकेचे मूळ रहिवासी सगळा संसार घेऊन हिंडत. तान्ही मुलेही त्यांत असत. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कयाक ही शिकाऱ्याची एकट्याची होडी, पण उमियाक नावाची त्यांची मोठी कातडी होडी बायकामुलांची. तिला बायकांची होडीच म्हणत. आपल्या आसपास पाहावे तर तुंगभद्रेवर बांबूचे गोल हरिगोलु आहेत आणि कोकण किनाऱ्यावर उलांडीच्या होड्या. हाच लेख मी पलीकडच्या विभागात लिहिला असता तर 'दोणि' हा शब्द वापरला असता, आणि घाटाखालच्या माणसालाही तो ओळखीचा वाटला असता. नदीकाठच्या माणसाला मूल आणि होडी यांची ताटातूट करणे कधी परवडलेच नाही. प्रश्न नेण्याचा नाहीच. कशा रीतीने नेतो याचा आहे.

येथे आमच्या बाजूच्या एका तलावावरची हकीकत सांगते. तलावाचे नाव लिहीत नाही, कारण असे तलाव गावोगाव असावेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही नातेवाईक मिळून सात मोठी माणसे आणि दोन लहान मुले तेथे गेलो होतो. खिडकीवर सात तिकिटे फाडली. "आणि ही दोघं?" असे मामांनी विचारले तेव्हा आतून उत्तर आले, "लहान मुलांचं काही नाही, घेऊन बसा." काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. तिकीट नाही, होडीच्या आठ माणसांच्या मर्यादेत गणना नाही, आणि लाइफ जॅकेट सात. मामींनी हट्ट धरल्यावर एक जॅकेट आणून दिले, ते मोठ्या माणसाचे. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर ते गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि त्याचे डोके गळ्याच्या भोकातून सहज आतबाहेर होत होते. सगळे हसले. फोटोही निघाला. खिडकीवरच्या माणसाने लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. उलट त्याने आमचे पैसे वाचवले. सवलत म्हणून सोडलेले तिकीट आपल्याबरोबर मोजदादही घेऊन गेले, एवढेच झाले.

आता पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. यांतले सगळे होडीतून पडलेले नव्हेत. घराजवळचे डबके, हौद, विहीर यांचा वाटा फार मोठा. तरी पाच वर्षांखालची जी मुले आपण तिकिटातून वगळतो, पाण्याचा धोका नेमका त्याच मुलांना सर्वांत जास्त आहे. एखाद्या व्यापाऱ्याने सगळ्यांत नाजूक माल तेवढा विम्यातून वगळला तर त्याला आपण काय म्हणू?

लहान मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. जन्मतः डोके उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मोठेपणी सुमारे एक अष्टमांश; दोन-अडीच वर्षांचे मूल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे वरचा भाग जड. ते वाकले की पुढे जाते, आणि पाण्यात पडले तर तोंडावर पडते. ते ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. आवाज न होता खाली जाते. म्हणून त्याच्या जॅकेटला मानेमागे डोके तोलून धरणारी उशी लागते, पायांमधून जाणारा पट्टा लागतो, आणि पकडून वर ओढता येईल अशी एक मूठ लागते. माप वयावर नव्हे, वजनावर. ते बरोबर आहे की नाही हे पाहायला शास्त्रज्ञ नको. घालून बंद करावे, खांद्यापाशी दोन्ही बाजूंनी धरून वर उचलावे. हनुवटी आणि कान आत बुडाले तर ते जॅकेट त्या मुलाचे नव्हे. हवा भरलेल्या रंगीत बाहुपट्ट्या हे खेळणे. त्यावर जीव सोपवू नये. आणखी एक चुकीची माया म्हणजे मुलाला होडीला किंवा स्वतःच्या कमरेला बांधणे. होडी उलटली तर ते मूल तिच्याबरोबर जाते.

दुधनीला जायचे ठरले तेव्हा आक्काने अट घातली की पोरीच्या वजनाचे जॅकेट आल्याशिवाय निघायचे नाही. भावजींनी ते मागवले. आमच्या सगळ्यांच्या जेवणाखाणाला लागले त्याहून ते महाग पडले, आणि पोर ते दोन वर्षांत टाकणार! सासूबाई हे पाहून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून त्यांनी दहीभाताचा डबा भरला. जॅकेट आदल्या दिवशी घरीच घालून पाहिले. भाचीने दहा मिनिटे आकांत केला. मग आरशात स्वतःला पाहून ती गप्प झाली आणि काढू देईना. हा आकांत काठावर, मंडळी खोळंबलेली असताना झाला असता तर "जाऊ दे, पाच मिनिटांचा तर प्रश्न" असे कोणीतरी म्हणालेच असते.

सकाळी आठाच्या सुमारास आम्ही पाण्यावर होतो. दुपारी वारा उठतो आणि ऊनही सोसत नाही, म्हणून ही वेळ. वल्हे मारणारा तिथलाच एक प्रौढ आदिवासी गृहस्थ. त्याने आम्हांला बसवण्याआधी बोट दाखवून मोजले: भावजी, आक्का, मी, आणि भाचीवर बोट ठेवून चार. भावजी म्हणाले, "ती कसली चौथी, अकरा किलोची." त्यावर त्याचे म्हणणे असे पडले की लहान पोर वजनाने कमी पण हलते सगळ्यांत जास्त, म्हणून ते आधी मोजायचे. त्याने आक्काला होडीच्या मध्यभागी तळाशी बसवले, पोर तिच्या पुढ्यात आणि मी समोर. या माणसाला भाराचे आणि तोलाचे जेवढे कळत होते तेवढे त्या सात तिकिटे फाडणाऱ्या खिडकीला कळत नव्हते. त्याच धक्क्यावर एक बाई दुसऱ्या होडीत चढत होती. तिचे मूल पाठीशी फडक्यात बांधलेले. पाय ठेवण्याआधी तिने गाठ सोडली, मूल पुढे घेतले आणि मगच ती चढली. बांधून नेऊ नये हे आम्हांला छापील कागद वाचून कळले होते.

सहल म्हणाल तर ती भाचीने चालवली. आमचा बेत पाणी डोंगराआड वळते तेथवर जाण्याचा. पण तिला पंख पसरून बसलेला एक पाणकावळा दिसला आणि तेथून होडी हलू देईना. पुढे तिने बोटे पाण्यात बुडवली, बाहेर काढून पाहिली, पुन्हा बुडवली. हे किती वेळ चालले असेल कोण जाणे. चाळीस मिनिटांनी तिला कंटाळा आला. मग काठ गाठला, सागाच्या सावलीत साडीची झोळी बांधली, दहीभात झाला, ती झोपली. आक्का तेवढ्यात होडीत एकटी जाऊन बसली आणि तिने वल्हे मागून घेतले. अर्धा तास ती पाण्यावर होती. काठावर मूल सांभाळायला भावजी होते. मला वाटते या सहलीतला सर्वांत चांगला भाग तोच होता, जरी सहल भाचीच्या नावाने काढलेली असली तरी. बारा वाजायच्या आत आम्ही परतीला लागलो.

तेथे एक गोष्ट सतत ध्यानात राहते. भोवती जंगल आहे, मोबाईल कधी लागतो कधी लागत नाही, आणि मोठे रुग्णालय सिल्वासात, चाळीस किलोमीटरवर. गावातल्या तलावावर चूक झाली तर काठावरचे चार जण उडी टाकतील. येथे जी तयारी आहे ती होडीत आहे तेवढीच.

ही भीती पोकळ नव्हे. १३ जानेवारी २०१८ रोजी सिल्वासाहून फार दूर नसलेल्या डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांनी भरलेली होडी उलटली आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. आपल्याच वयाच्या. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी बुडाली. बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेहून अधिक भर होता, आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्यांत एक जोडपे आणि त्यांची दोन लेकरे होती, धाकटे दीड वर्षाचे. ती मंडळी सहलीला निघालेली नव्हती. पलीकडच्या काठाला जात होती, आपण बसने जातो तशी. धरणांनी अशी किती गावे एकमेकांपासून तोडली आणि होडीवर आणून ठेवली! दमणगंगेच्या धरणातही आदिवासींच्या जमिनी गेल्या. आम्ही महागडे जॅकेट मागवून एक दिवसाची हौस केली. ज्या आईला रोजच्या कामासाठी मूल घेऊन होडीत बसावे लागते तिच्याजवळ ते नसते, आणि तिने ते विकत घ्यावे असे सांगणे शुद्ध निर्दयपणा होईल. सहलीच्या काठावर असो की उताराच्या, लहान मापाची जॅकेटे होडीबरोबरच आली पाहिजेत, वल्ह्यासारखी. वल्हे कोणी उतारूला घरून आणायला सांगत नाही.

कायदा नाही असे नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. जीवरक्षक साधने त्यात आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये होडीच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण कायद्याचे कलम खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतो. खिडकीवरचा माणूस तिकिटाचे पुस्तक ओळखतो. म्हणून माझी सूचना त्याच्याच भाषेतली आहे. पाच वर्षांखालच्या मुलालाही होडीचे तिकीट फाडावे. शून्य रुपयाचे फाडावे, हरकत नाही. त्यावर क्रमांक असावा, त्या क्रमांकाला एक जॅकेट असावे, आणि होडीवर लिहिलेल्या आकड्यात ते मूल एक म्हणून धरावे. याने होडीवाल्याचे एका उताराचे भाडे बुडेल, हे मला मान्य आहे. ते नुकसान बाकीच्यांच्या तिकिटांवर वाटून घ्यावे. किंमत ठरवण्याच्या धड्यात आम्ही याहून अवघड उदाहरणे सोडवली आहेत.

आमच्या काही प्राध्यापकांना हे सारे लांबचे वाटेल. जानेवारीत आपली सहल दांडेली आणि गणेशगुडीला काळी नदीवर जाणार आहे. सूचनाफलकावरच्या आजवरच्या याद्या मी काढून पाहिल्या. विद्यार्थ्यांचे नाव, हजेरी क्रमांक, रक्तगट, घरचा फोन, सारे काही व्यवस्थित. प्राध्यापकांच्या नावापुढे मात्र एकच शब्द: सहकुटुंब. त्या शब्दात माणसे किती आणि केवढी याचा पत्ता नाही. यंदा यादी करण्याचे काम आमच्या वर्गाकडे आले आहे. तो शब्द काढून तेथे मी चार रकाने आखले आहेत: नाव, वय, वजन, जॅकेट. तीन प्राध्यापकांकडून वजन यायचे अजून बाकी आहे.